टिल्लू काय म्हणाला

टिल्लूला झटका आला तेव्हा तो कामावर होता. एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनघरात लिफ्टची मोटर उघडून बसला होता. हातातला पाना सुटला, तो उचलायला वाकला आणि तिथेच कलंडला. बरोबरच्या मेकॅनिकने त्याला खाली आणलं, तेही लिफ्टशेजारच्या जिन्यावरून, पाठुंगळी घेऊन, कारण लिफ्ट तर टिल्लूनेच बंद ठेवली होती. दवाखान्यात वेळेवर पोचला म्हणून जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली.

आठवड्याने तो बोलायला लागला, तेव्हा बायको आणि मुलगी पलंगाच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. तो बोलत होता, आणि दोघींना एक अक्षर कळत नव्हतं. आधी वाटलं, बरळतोय. मग मुलीच्या लक्षात आलं की हे बरळणं नाही, ही भाषा आहे. बाबा लिफ्टमध्ये बोट चेंगरलं की जी भाषा बोलायचे, ती. परदेशात पाऊल ठेवल्यापासून वापरलेलं, ज्यात लग्न केलं, पोर वाढवलं, ते इंग्रजी त्याच्या जिभेवरून पुसलं गेलं होतं आणि खालची मराठी तेवढी शिल्लक राहिली होती. मोबाइलमध्ये भाषांतराची सोय असते, तीही करून पाहिली. पण जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत घुसलेले. मोबाइल बिचारा काहीच्या बाही सांगायचा.

मुलीने मग बाबांच्या एका मावसभावाला शोधून काढलं, त्याच्याकडून नंबर घेतला आणि आपल्या काकांना फोन लावला. या काकांना तिने कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं असलं तर आईच्या कडेवरून.

काका, म्हणजे टिल्लूचे दादा, आयुष्यभर सरकारी ऑफिसात स्टेनो होते. साहेबाने बोलायचं आणि दादांनी उतरवून घ्यायचं. त्यामुळे त्यांचं इंग्रजी पक्कं होतं, पण सगळं पत्रातलं. पुतणी फोनवर रडत सगळं सांगत होती आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही येऊ शकाल?" त्यावर दादांच्या तोंडून जे इंग्रजी बाहेर पडलं त्याचा अर्थ, 'सदर बाबीची यथाशीघ्र दखल घेतली जाईल.' फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"जा," त्यांची बायको म्हणाली. "कसला विचार करताय? आजारी माणसाशी कसला आलाय अबोला?"

तिला काय, सगळ्या नातेवाइकांना एवढंच माहीत होतं, की टिल्लूने परदेशात परस्पर लग्न केलं, आई दुखावली आणि घर तुटलं. आईच्या शेवटालाही तो आला नाही, म्हणून लोक त्याला नावं ठेवायचे. दादांनी यातलं काही कधी खोडून काढलं नव्हतं. कुणी विषय काढला की ते उठून चपला शोधायला लागायचे.

विमानात त्यांनी एक वाक्य तयार केलं. भावासमोर उभं राहिल्यावर पहिलं काय बोलायचं ते. घोळवून घोळवून इतकं गुळगुळीत केलं की उतरेपर्यंत त्यात काही उरलंच नाही.

पुतणी घ्यायला आली होती. कपाळ थेट टिल्लूचं. गाडीत ती सारखं बोलत होती आणि दादा 'होय', 'नक्कीच', 'समजलं' एवढंच म्हणत होते. दवाखान्याच्या तळमजल्यावर, वाहनतळाकडे खिडकी असलेल्या खोलीत, टिल्लू चाकाच्या खुर्चीत बसला होता. नावाचा टिल्लू, अंगाने दरवाजाएवढा. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणा दुसऱ्याचा सांभाळायला दिल्यासारखा. शेजारी त्याची बायको. बेकरीत काम करणारी, दंडाने मजबूत, डोळ्यांखाली काळं झालेली बाई.

टिल्लूने दादांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तोंडाची डावी बाजू हलली.

"दादा," तो म्हणाला, "केस कुठे गेले रे तुझे?"

मायलेकी एकदम पुढे झाल्या. "काय म्हणाले? काय म्हणाले बाबा?"

दादांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाले, "रुग्ण माझ्या केसांबाबत चौकशी करीत आहे."

पुतणी आधी हसली, मग आई हसली आणि हसता हसता तिने तोंड ओंजळीत लपवलं. इतक्या दिवसांत नवऱ्याचं पहिलं वाक्य तिला कळलं होतं.

वाचा परत आणणारी एक बाई रोज सकाळी यायची. तिने दादांना समजावलं, की दोन भाषा येणाऱ्यांचं कधीकधी असं होतं. एक जाते, एक राहते. इंग्रजी परत येईल, हळूहळू. ऐकलेलं त्यांना सगळं कळतं, बोलता तेवढं येत नाही. त्यांना जेवढं बोलतं ठेवाल तेवढं चांगलं, कुठल्याही भाषेत.

मग दादांचं तेच काम झालं. सकाळी पुतणीबरोबर यायचं, संध्याकाळी तिच्याबरोबरच टिल्लूच्या घरी परत. दिवसभर टिल्लू बोलायचा आणि दादा सांगायचे. पहिल्याच दिवशी कळलं, की तो इतके दिवस 'कूस, कूस' म्हणत होता आणि दर वेळी बायको ते 'क्लोज' समजून, उठून खिडकीचा पडदा ओढत होती. पाठ अवघडून गेलेला माणूस अंधारात तसाच पडून राहायचा. हे कळल्यावर ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तिला सांग," टिल्लू म्हणायचा, "हे सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी आहे."

"रुग्णास सूप किंचित पातळ वाटते," दादा इंग्रजीत सांगायचे.

टिल्लूला दादांचं इंग्रजी ऐकून अर्ध्या तोंडाने हसू फुटायचं. "साहेबाला पत्र लिहितोय," तो म्हणायचा. "खाली सही कर."

दादांनाही हसू यायचं. आपण हसतोय हे लक्षात आलं की ते खिडकीबाहेर बघायचे. जुनं काही टिल्लू काढत नव्हता. विसरला की काय, असंही दादांना वाटून गेलं. डोक्यातलं इतकं काय काय पुसलं गेलं, त्यात तेही गेलं असेल. हा विचार आला तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि इतक्या चटकन सुटल्यासारखं वाटलं याचीच मग शरम वाटली.

एका दुपारी चौघं दवाखान्याच्या बैठकीच्या खोलीत बसली होती. पलीकडे एक म्हातारा पत्ते मांडत होता. पुतणीने खुर्ची बाबांसमोर ओढली.

"बाबा, मी लहान असताना विचारायचे ना, आपण आजीच्या घरी का जात नाही? तुम्ही म्हणायचात, लांब आहे. एवढंच. आता काका समोर आहेत. आता सांगा."

टिल्लूच्या बायकोने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, राहू दे म्हणून. पण टिल्लू बोलायला लागला होता. एकेक शब्द ओढून काढत, मध्ये थांबत.

"गेलो होतो आम्ही. तू कडेवर होतीस. न कळवता गेलो... आईला गंमत वाटेल म्हणून. जिन्यातच औषधाचा वास आला. दादाने दार उघडलं. साखळी काढली नाही. फटीतून म्हणाला, आई नको म्हणते. आणि दार लावलं."

तो थांबला. पुतणी दादांकडे पाहत होती.

"ते म्हणतात," दादा म्हणाले, "आम्ही भेटीस गेलो होतो. परंतु तुझ्या आजीची प्रकृती ठीक नसल्याने भेट होऊ शकली नाही."

टिल्लूचा डावा हात खुर्चीवर धाडकन आपटला. पत्ते मांडणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर केली.

"नीट सांग! मी म्हणालो तसं सांग."

त्याला ऐकलेलं सगळं कळत होतं, हे दादा त्या क्षणी विसरले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एकेक वाक्य सांगितलं. साखळी सांगितली, फट सांगितली, आई नको म्हणते हेही सांगितलं. फटीत उभा होता तो मीच, हे सांगायची गरज नव्हती. पुतणीची नजर बदललेली त्यांना दिसली.

टिल्लू पुढे बोलत होता. आता दादांकडे न बघता, बायकोकडे बघत.

"रागावली असती तर चाललं असतं. चार शिव्या घातल्या असत्या. पण तोंडही बघायचं नाही म्हणाली. मग तिच्या शेवटाला कुठल्या तोंडाने जायचं? जिला मी जिवंतपणी नको होतो, तिच्या... सांग दादा. त्यांना सांग."

दादांनी तोंड उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांनी बोललेलं त्यांनी जसंच्या तसं उतरवलं होतं, काना-मात्रेचा फरक न करता. पण हे वाक्य त्यांच्याने पुढे जाईना. ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं.

"टिल्लू," ते मराठीतच म्हणाले, "आई नको म्हणाली नव्हती."

टिल्लूने मान वळवली.

"ती झोपली होती. मी तिला विचारलंच नाही. तू आलास हे तिला कधी कळलंच नाही."

"काय बोलताय तुम्ही?" पुतणी मध्येच म्हणाली.

"का?" टिल्लूने विचारलं.

"मी करत होतो रे तिचं सगळं," दादा म्हणाले. "पाठ पुसायची, भरवायचं, चादरी बदलायच्या. तुझी वहिनी नोकरीवर, मी रजा काढून घरी. आणि दार वाजलं की ती विचारायची, टिल्लू आला का? दूधवाला आला तरी टिल्लू, पेपरवाला आला तरी टिल्लू. मी समोर बसलेलो असायचो, तिचा हात हातात घेऊन. आणि मग एक दिवस दार उघडतो तर तू खरंच उभा. मागे बायको, तिच्या कडेवर पोर. मला वाटलं, आता हा आत जाईल आणि आई अशी उजळेल, जशी माझ्यासाठी कधी उजळली नाही. ते मला बघवलं नसतं. त्या दिवशी तरी बघवलं नसतं. वाटलं, उद्या बोलावू. एक दिवस थांबेल तो. दुसऱ्या दिवशी एकेका हॉटेलवर फोन करून तुम्हाला शोधलं, तर तुम्ही निघून गेला होतात."

"मग?"

"मग रोज वाटायचं, आज कळवू. कळवायचं तर खोटं बोललो ते सांगावं लागणार. आणि मग आई गेली. त्यानंतर सांगायची हिंमत झाली नाही."

टिल्लूच्या तोंडाच्या कडेतून लाळ ओघळत होती. बायकोने पुसायला रुमाल पुढे केला, तर त्याने तिचा हात बाजूला केला.

"तिला सांग," तो म्हणाला. "दोघींना सांग. सगळं."

दादांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांचं इंग्रजी पत्रातलं नव्हतं. लहान मुलं बोलतात तशी तुटकी, छोटी वाक्यं होती. मी खोटं बोललो. आई झोपली होती. मला हेवा वाटला. ऐकताना पुतणी उभी राहिली, परत बसली.

टिल्लूने एका हाताने खुर्ची वळवायला सुरुवात केली. पण एका हाताने चाक फिरवलं की खुर्ची जागच्या जागी गोल फिरते. ती टेबलाला अडकली. त्याने पुन्हा जोर लावला, पुन्हा अडकली. दादा मदतीला उठले तसा तो घशातून असा काही आवाज काढून ओरडला की दादा होते तिथेच उभे राहिले. शेवटी मुलगी त्याला खोलीत घेऊन गेली.

त्यानंतर टिल्लू बोलेनासा झाला. मराठीही नाही. वाचेची बाई यायची, चित्रं दाखवायची, कप, चमचा, कुत्रा, आणि तो भिंतीकडे बघत बसायचा. "इतकं छान चाललं होतं," ती दादांना म्हणाली, "काही झालं का?" दादांनी मान खाली घातली. ते रोज जात राहिले आणि खोलीबाहेरच्या बाकावर बसत राहिले. आत जायचं धाडस होईना आणि घरी थांबवेना.

घरी तरी काय होतं. टिल्लूच्या घरात टिल्लूच्याच खोलीशेजारच्या खोलीत ते झोपत होते. पुतणी कामापुरतं बोलायची. टिल्लूची बायको मात्र बेकरीतून आली की पहिल्यासारखंच त्यांचं ताट वाढायची. एका संध्याकाळी त्यांना ते सहन होईना.

"तुम्ही मला वाढू नका," ते म्हणाले. "मी बाहेर काहीतरी खाईन."

तिने हातातला डाव ओट्यावर ठेवला. त्यांना कळावं म्हणून सावकाश, सोप्या शब्दांत बोलली.

"त्या दिवशी मी जिन्यात, त्याच्या मागे उभी होते. तुम्ही काय बोललात ते मला कळलं नाही, पण दार लागलेलं दिसलं. मला वाटलं, माझ्यामुळे. मी तुमच्यातली नाही म्हणून. त्याला मी म्हणाले, तू एकटा परत जा, मला नको नेऊस. तो गेला नाही. इतकी वर्षं मला वाटतंय, की माझ्यामुळे एका मुलाची आई गेली. तो गप्प बसला की मला तेच वाटायचं. आता कळलं, की मी त्यात नव्हतेच." तिने डोळे पुसले. "मला तुमचा राग यायला पाहिजे. येईल बहुतेक. अजून आला नाही. जेवून घ्या."

दादांनी हा विचारच कधी केला नव्हता. आईचं नुकसान केलं, टिल्लूचं केलं, एवढं त्यांनी मनात धरलं होतं. जिन्यात उभी असलेली ही परकी पोरगी त्यांच्या हिशेबातच नव्हती. तिला काय वाटलं असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. ते जेवले. ताटात काही टाकलं नाही.

मग एके दिवशी पुतणी खोलीतून बाहेर आली आणि बाकासमोर उभी राहिली.

"ते 'दादा' म्हणतायत," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हीच ना?"

दादा आत गेले. टिल्लू पलंगावर टेकून बसला होता. दाढी वाढलेली. त्याने डाव्या हाताने खुर्चीकडे बोट केलं. दादा बसले.

"सांग," टिल्लू म्हणाला. "आई काय काय बोलायची ते."

दादा सांगायला लागले. आधी अडखळत, मग सलग. शेवटच्या महिन्यांत आईला काय खावंसं वाटायचं, उशी कशी उभी लावून घ्यायची, झोपेत कुणाकुणाला हाका मारायची. टिल्लूचा लहानपणचा एक स्वेटर तिने कपाटातून काढायला लावला होता आणि तो पायांवर पांघरून बसायची. नर्सला सांगायची, माझा धाकटा इतक्या उंच इमारतींत लिफ्ट चढवतो की वर गेलं की खालची माणसं दिसत नाहीत. आणि मग स्वतःच म्हणायची, त्याला कशी दिसणार मी इतक्या लांबून.

टिल्लू ऐकत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते तो पुसत नव्हता आणि कुणाला पुसू देत नव्हता.

रोज दुपारी हेच चालायचं. तो एखादाच प्रश्न विचारायचा. "मी लग्न केलं म्हणून रागावली होती?" दादा म्हणाले, "आठवडाभर. मग म्हणायला लागली, सून गोरी आहे का रे, आणि तिला काय हाक मारायची?" टिल्लूने हे बायकोला सांगायला लावलं. दादांनी सांगितलं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

दादांचा परत जायचा दिवस जवळ आला, तेव्हा टिल्लूला काठी धरून चार पावलं टाकता यायला लागली होती. इंग्रजीचेही काही शब्द परतले होते. पहिला शब्द बायकोचं नाव होता. तिने तो ऐकला आणि चहा आणायला म्हणून बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही. व्हरांड्यात टिल्लू चालत होता, दादा अर्धं पाऊल मागे, पडला तर धरायला हात पुढे करून.

"टिल्लू," दादा म्हणाले, "राग गेला का रे?"

टिल्लू थांबला. श्वास घेतला. खोटं बोलणं त्याला आता जमतच नव्हतं बहुतेक. प्रत्येक शब्दाला इतके कष्ट पडत असताना खोट्यावर कोण खर्च करणार.

"नाही," तो म्हणाला. "जाणार पण नाही." मग काठी पुढे टाकत म्हणाला, "हात काढू नकोस. तोल जातो."

दादा परतले. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी बायकोला खरं काय ते सांगितलं. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी तेव्हाच उघडलं असतं दार." नातेवाइकांनाही त्यांनी एकेकाला गाठून सांगितलं. कुणी म्हणालं, जाऊ दे, जुनं झालं. कुणी त्यांच्याकडे जाणं-येणं कमी केलं. दादांनी दोन्ही निमूट घेतलं.

टिल्लूला लांबचा प्रवास डॉक्टरांनी कायमचा बंद केला. आईची खोली बघायला तो कधी येऊ शकला नाही. रविवारी तो फोन करतो. औषधांचं बोलतो, पायाचं बोलतो, मुलीचं बोलतो. कधी मध्येच विचारतो, "त्या दिवशी ती कुठल्या कुशीवर झोपली होती?" आणि दादा सांगतात, "डाव्या. दाराकडे तोंड करून." मग बराच वेळ दोघंही काही बोलत नाहीत.

एकदा असाच वेळ गेल्यावर दादांनी हळूच विचारलं, "ठेवू का रे?"

"बोलू नकोस," टिल्लू म्हणाला. "पण ठेवू पण नकोस."